आधी विचारा, मग कुदळ उचला
(शहापूर-मुरबाडकडच्या अनुभवावरून आपल्या गटांतील सेवामंडळांसाठी चार गोष्टी)



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, आडसालीची खतमात्रा नाहीतर हुमणीचा बंदोबस्त यांवर लिहितो. या वेळी विषय निराळा आहे. मध्यंतरी गटवार मेळावे झाले, त्यांत तीन गावांच्या तरुण मंडळींनी मला गाठून एकच गोष्ट विचारली. "साहेब, आम्ही सेवामंडळ काढलंय. अध्यक्ष ठरला, पावतीपुस्तक छापलं, बोर्डही रंगवून झाला. आता काम कोणतं धरावं तेवढं सांगा."

पोरांचा उत्साह खरा होता, म्हणून त्यांना तिथल्या तिथे काही बोललो नाही. शिवाय बोलायला मला तोंडही नव्हतं. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः असाच बोर्ड रंगवला होता. त्याचं पुढे काय झालं ते आज सांगतो.

धरण उशाला, कोरड घशाला

माझं मूळ गाव ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातलं. आपल्यापैकी बरेच जण माळशेज घाट उतरून कल्याणकडे जातात. घाट उतरला की मुरबाड तालुका लागतो आणि त्याच्या उत्तरेला शहापूर. भात, नागली, वरीचा हा मुलूख. पाऊस शंभर इंचांच्या आसपास. आपल्या इकडच्या माणसाला तो आकडा ऐकूनच हेवा वाटेल. तालुक्यात तानसा धरण आहे, ते १८९२ सालचं. भातसा धरण आहे, मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं पाणी त्यातून जातं. आणि तरीही होळी झाली की आमच्याकडच्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.

याचं कारण शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. डोंगरउतार तीव्र, मातीचा थर वीतभर, खाली काळा कातळ. पाऊस पडतो तसा ओढ्यांनी धावत सुटतो. धरणाचं पाणी खाली आणि शहरासाठी राखलेलं, पाडे वर टेकडीवर. मधे उरतो तो बाईच्या डोक्यावरचा हंडा.

आमचा बंधारा

मी कृषी पदविका घेऊन नुकताच घरी आलो होतो. गावात आम्ही पंधरा-वीस पोरांनी मंडळ काढलं. वनराई बंधारा बांधायचा असं ठरलं. डॉ. मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेमुळे हे नाव महाराष्ट्रभर झालं आहे. रीत अगदी साधी. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती घ्यायची, ती वाळू-मातीने पाऊण भरायची, तोंड शिवायचं. पावसाळा सरून ओढ्याची धार बारीक झाली की पात्रात विटांच्या थरासारखी, सांध्यावर सांधा न येऊ देता रचायची. दोन ओळींमध्ये चिकणमाती तुडवून भरायची. पैसा जवळजवळ लागत नाही, लागतो तो घाम.

एका क्लबाने पोती दिली, अल्पोपहार दिला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी चाळीस माणसं राबली. दुपारपर्यंत बंधारा उभा राहिला, पाणी तुंबलं, नारळ फुटला, फोटो निघाले. आम्ही खूष.

महिन्याभराने पाड्यावर गेलो तर बाया नेहमीप्रमाणे वरच्या झिऱ्यावर हंडे घेऊन रांगेत बसलेल्या. आमच्या बंधाऱ्यात दोन म्हशी डुंबत होत्या. मी विचारलं, "अहो, खाली एवढं पाणी अडवून दिलंय, ते का भरत नाही?" एक म्हातारी ठाकरीण झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरा, पानी तुमी मोटारीच्या सोयीनं अडवलंय, आमच्या हंड्याच्या सोयीनं नाय."

खरंच होतं. पाहुण्यांच्या गाड्या जिथवर जातात ती जागा आम्ही धरली होती. पाड्यापासून ती दोनशे पावलं खाली, आणि तिथून भरला हंडा घेऊन चढायचं म्हणजे छातीवरचा चढ. बंधारा कुठे हवा हे चाळीस जणांपैकी एकानेही पाड्यावरच्या एकाही बाईला विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी शहाणे झालो. आधी पाड्यावर बसलो. बायांनीच पुढे होऊन जागा दाखवली, विहिरीच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या वळणावर. बंधारा लहान झाला, फोटोत तर दिसलाही नसता. पण होळीला तळ गाठणारी विहीर त्या वर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत तगली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती मिरवत सांगितली असती. पण पोत्याचा बंधारा एका हंगामाचा धनी. उन्हाने पोतं कुजतं आणि पहिल्या पुराला वाहून जातं. तो दरवर्षी बांधावा लागतो. तिसऱ्या वर्षी मला इकडे नोकरी लागली, चिटणीस मुंबईला गेला, अध्यक्ष आणि खजिनदार यांचं हिशेबावरून बिनसलं. पोती कुठून आणायची, पाया किती खणायचा, हे सगळं आमच्याच डोक्यात. पाड्यावर कुणाला शिकवलंच नव्हतं. काही वर्षांनी एका लग्नाला गेलो, तेव्हा ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत आमच्या पोत्यांच्या चिंध्या लटकत होत्या. झिऱ्यावर तीच रांग होती. ती म्हातारी मात्र रांगेत नव्हती. ती आदल्या वर्षीच गेली, असं कळलं.

ते आठवलं की अजून मान खाली जाते. म्हणून नव्या मंडळींना माझं सांगणं आहे, तुमच्यावर ती पाळी येऊ देऊ नका.

सिद्धगडच्या आधीची कोठी

सेवा कशी टिकते याचे दोन दाखले त्याच मुलखात आहेत. एक जुना, एक अलीकडचा.

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे इंग्रजांच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. १९४२ च्या चळवळीत कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते, हे अनेकांना माहीत असतं. त्याआधीचं काम तितकंसं कुणी सांगत नाही.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानचे. जन्म १ डिसेंबर १९१२, घर गरीब, शिक्षण वकिलीचं. वकिली करून ते सुखात राहू शकले असते. त्यांनी कर्जतकडच्या शेतकऱ्यांचं दुखणं पाहिलं. पावसाळ्यात घरातलं भात संपतं, सावकाराकडून खावटी काढावी लागते आणि सुगीला खळ्यावरच त्याचं माप भरून द्यावं लागतं. म्हणून कोतवालांनी धान्यकोठ्या उभ्या केल्या. अडलेल्याने कोठीतून धान्य न्यायचं, पीक आलं की परत घालायचं. गावांतून शाळाही काढल्या.

कोठीत भीक नव्हती, उधार-उसनवार होती. नेणारा मान खाली घालून नेत नव्हता आणि परत घालणाऱ्याला ती कोठी आपली वाटत होती. पुढे दस्ता रानात शिरला तेव्हा डोंगरातल्या माणसांनी जीव धोक्यात घालून त्यांना भाकरी पुरवली. मला तर वाटतं, त्या भाकरीचं पीठ आधीच्या कोठीतलं होतं.

फांगण्याच्या आजीबाई

दुसरा दाखला मुरबाड तालुक्यातल्याच फांगणे गावचा. गाव लहान. तिथे योगेंद्र बांगर हे जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. २०१६ च्या फेब्रुवारीत शिवजयंतीच्या निमित्ताने गावात वाचन चाललं होतं. तेव्हा काही म्हाताऱ्या बायांनी बोलून दाखवलं की आम्हालाही पोथी वाचता आली असती तर किती बरं झालं असतं. असं आपण सगळेच ऐकतो आणि सोडून देतो. बांगर गुरुजींनी ते मनावर घेतलं. ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, फांगण्यात आजीबाईंची शाळा सुरू झाली. पाटी-पेन्सिल आणि गणवेशाच्या गुलाबी साड्या मोतीराम दलाल ट्रस्टने दिल्या.

साठीपासून नव्वदीपर्यंतच्या तीसेक आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत बसू लागल्या. वेळ दुपारची दोन तास, म्हणजे शेताची आणि चुलीची कामं आटोपल्यावरची. शिकवायला गावातलीच एक सून. तिची स्वतःची सासू वर्गात विद्यार्थिनी! सून गृहपाठ तपासते आणि सासू निमूट पाटी पुढे करते, हे ऐकून आपल्या घरच्या सासवा-सुनाही हसतील. पण बँकेत शाईचा अंगठा उठवणारी बाई सही करू लागली, याचं मोल ज्याच्या आईने जन्मभर अंगठा दिला त्याला कळेल. माझ्या आईने दिला होता.

शाळा कशी बसवली ते पाहा. मागणी आजीबाईंची, वेळ आजीबाईंच्या सोयीची, शिकवणारी गावातली. बाहेरून आलं ते पाटी आणि साडी. आम्ही बरोबर याच्या उलट केलं होतं. मागणी आमची, वेळ पाहुण्यांची आणि विद्या आमच्या खिशात.

खुर्ची फिरती असावी

आता पुढारपणाविषयी. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात तीन मित्रांना घेऊन एक क्लब काढला. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून त्याचं नाव पडलं रोटरी, म्हणजे फिरता. आजही रोटरी क्लबाचा अध्यक्ष १ जुलैला खुर्चीवर बसतो आणि पुढच्या ३० जूनला ती सोडतो. याच रोटरीने १९८५ साली जगातून पोलिओ हटवण्याचा विडा उचलला. सरकारं, आरोग्यसेवक, स्वयंसेवक असे लाखो हात त्याला लागले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. एवढ्या वर्षांत अध्यक्ष किती बदलले असतील! काम एका माणसावर टांगलेलं नव्हतं, म्हणून ते तडीस गेलं.

आपल्या सहकारातही हा धडा पहिल्या पानावरच आहे. प्रवरानगरचा कारखाना उभा करायला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव पायपीट करून भागभांडवल जमवलं. पण अध्यक्षपदी बसवलं ते धनंजयराव गाडगिळांना, स्वतः विखे पाटील उपाध्यक्ष राहिले. काम मोठं की खुर्ची मोठी, याचा निकाल तिथे लागला आहे.

आपल्याकडे काय करावं

आता त्या तीन गावांच्या प्रश्नाचं उत्तर. गळीत सुरू झालं की आपल्या शिवारात तोडणीच्या टोळ्या उतरतात. दरवर्षी कुठलं तरी मंडळ तळावर जाऊन ब्लँकेटं वाटतं आणि फोटो आपल्याच अंकात छापून येतो. वाईट नाही, थंडी असतेच. गेल्या हंगामात मी एका तळावर मुकादमाला बाजूला ठेवून बायांनाच विचारलं की तुम्हाला काय हवं. मला वाटलं, कपडे मागतील. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक जण हळूच म्हणाली, "आंगुळीला आडोसा करून द्या. पाच म्हैनं आमी अंधारात आंगुळ करतो."

चार बांबू, जुनी ताडपत्री, खाली दहा फरश्या. खर्च म्हणाल तर एका हाराचा. इतकी वर्षं मी त्या तळावरून मोटारसायकलने जातोय, मला ते दिसलं नव्हतं. तुम्हालाही दिसलं नसेल, कारण आपण विचारलं नव्हतं.

तेव्हा नव्या मंडळांनी चार गोष्टी पाळाव्यात, एवढीच विनंती.

१. बोर्ड रंगवण्याआधी ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्यात जाऊन बसा. बायांना वेगळं विचारा, चारचौघांत त्या बोलत नाहीत.

२. कामात त्यांचाही हात असू द्या. नुसतं घेणारा ते काम सांभाळत नाही.

३. विद्या वाटा. तुम्ही उद्या नोकरीला गेलात तरी काम करणारी दोन माणसं मागे तयार हवीत.

४. अध्यक्ष एक वर्षाचा. जमाखर्च दर महिन्याला देवळाच्या भिंतीवर लावा. आमचं मंडळ पाण्याअभावी मोडलं नाही, हिशेबाअभावी मोडलं.

प्रत्येक सभासदाच्या गोठ्यात खताची वीस-पंचवीस रिकामी पोती पडलेली असतात. ती उंदरांना न देता गटऑफिसात आणून द्या. ओढ्यावर बंधारा घालायचा असेल तर पाया कुठे आणि किती खणायचा ते दाखवायला मी स्वतः येईन, आणि दोन वर्षांनी तुम्हाला माझी गरज पडू नये अशा बेताने दाखवीन. तळावरच्या आडोशांसाठी जी मंडळं तयार असतील त्यांनी मोळी पडण्याआधी आपापल्या गटऑफिसात नाव द्यावं. उद्घाटन नाही, हार नाही. फोटोही नको, तो आडोसा आहे.

गाव करील ते राव काय करील, असं आपण म्हणतो. त्या गावात पाच महिन्यांसाठी आलेली कोपीसुद्धा धरावी, एवढंच माझं मागणं आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी विभाग