पेशी फुटते, केंद्रक टिकतं

उणे ८० अंशांत जपलेला मेंदूचा तुकडा वितळला की त्यातल्या पेशी फुटतात. गोठताना तयार झालेल्या बर्फाच्या कणांनी त्यांचं पातळ आवरण आधीच फाटलेलं असतं. शिवाय चेतापेशींच्या लांबच लांब शाखा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या, की अख्खी पेशी सोडवणं ताज्या मेंदूतही अवघड. केंद्रक मात्र बहुतेक वेळा शाबूत राहतं. त्यातला आरएनए वाचला, की पेशी कोणत्या प्रकारची होती आणि तिची कोणती जनुकं चालू होती, हे कळतं.

प्रयोगशाळेत ही केंद्रकं वेगळी काढण्याचं आमचं सगळं काम बर्फावर चालतं. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा काचेच्या नळीत टाकायचा, वर थंडगार बफर. त्यातलं सौम्य डिटर्जंट पेशीचं आवरण विरघळवतं, साखर आणि मॅग्नेशियम केंद्रकाला सांभाळतात, आणि आरएनए कुरतडणाऱ्या विकरांना रोखणारं द्रव्यही त्यात असतं. मग काचेचा दांडा हलक्या हाताने वर-खाली करायचा. आधी सैल बसणारा, नंतर घट्ट. फेस येऊ द्यायचा नाही. पुढे ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळणं आणि ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज. मेंदूत चरबी फार. चेतातंतूंवरच्या चरबीयुक्त आवरणाचा, म्हणजे मायलिनचा, पांढरा थर वर तरंगतो, तो अलगद काढून टाकावा लागतो.

खरी परीक्षा पुढे असते. एका थेंबात डॅपी हे रंगद्रव्य मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की केंद्रकं निळी चमकतात. कडा रेखीव आणि आकार गोल असेल तर काम साधलं. कडा विस्कटलेल्या, केंद्रकं एकमेकांना चिकटलेली दिसली, तर डिटर्जंटमध्ये ती जास्त वेळ राहिली. आतला डीएनए बाहेर पडून चिकटपणा आला. असा नमुना पुढे पाठवण्यात अर्थ नाही. कुठे थांबायचं ते पुस्तकातल्या मिनिटांवर ठरत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा असतो, म्हणून मध्येमध्ये थेंब काढून पाहत राहावं लागतं.

इतकी काळजी घ्यायची, कारण तो तुकडा कुणीतरी दिलेला असतो आणि संपला की दुसरा मिळत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५पासून मेंदूपेढी आहे. आपल्याकडे घरात देहदानाबद्दल बोलणं होतं. तेव्हा मेंदूदानाचाही विषय काढा. मृत्यूनंतर काही तासांतच निर्णय घ्यावा लागतो. तुमची इच्छा घरच्यांना आधीच ठाऊक असू द्या.