झाकलेली जाळी आणि इंधनाचा हिशेब

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीइतकीच इंधनालाही लागू पडते. गाडी नवी असो वा जुनी, दोन वाहनधारक एकत्र आले की ‘तुमची गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न हमखास निघतो. तो निघाला की उपायांची यादीही निघते. याच यादीत अलीकडे वारंवार आढळणारा एक उपाय म्हणजे गाडीच्या पुढील जाळीवर पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा पत्रा बसवून ती झाकून टाकणे. वरकरणी विचित्र वाटणाऱ्या या उपायामागे शास्त्र आहे. मात्र ते शास्त्र कोणत्या हवामानात उपयोगी पडते, हे समजून घेण्यासाठी चेन्नईसारखे दुसरे शहर नाही.

वाऱ्याशी झुंज

धावणाऱ्या गाडीला हवा सतत मागे रेटत असते. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ४५ किलोमीटरचा वेग ९० वर नेला, तर हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. पुढील जाळीतून आत शिरणारी हवा रेडिएटर, पंखा आणि इंजिन यांच्या अडगळीत आपटत, घोटाळत बाहेर पडते. हवेच्या एकूण विरोधापैकी साधारणतः पाच ते दहा टक्के वाटा या आतल्या प्रवाहाचा असतो. जाळी झाकली की हवा गाडीच्या अंगावरून सरळ निसटते आणि महामार्गावर इंधनात फार तर दोन-तीन टक्क्यांची बचत होऊ शकते. शहरातील गर्दीत मात्र वेगच कमी असल्याने हा लाभ जवळजवळ नाहीसा होतो.

थंड प्रदेशांत या उपायाला दुसरेही कारण आहे. गोठवणाऱ्या हवेत इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो आणि थंड इंजिन अधिक इंधन पिते. म्हणूनच हिमप्रदेशांत ट्रकच्या रेडिएटरवर जाड कापड बांधण्याची रीत जुनी आहे. १९३० च्या दशकातील रोल्स-रॉइस मोटारींत तर रेडिएटरपुढे तापमानानुसार आपोआप उघडमीट करणाऱ्या उभ्या पट्ट्या बसवलेल्या असत.

चेन्नईची कथा निराळी

चेन्नईत जानेवारीच्या पहाटेही पारा २० अंशांच्या आसपासच राहतो. मे महिन्यात, तमिळ पंचांगातील ‘अग्नी नक्षत्रम्’च्या दिवसांत, कमाल तापमान सरासरी ३७ अंशांच्या घरात असते. ३१ मे २००३ रोजी तर या शहराने ४५ अंशांची नोंद केली होती. येथे इंजिन गरम करण्याची काळजी कोणालाच करावी लागत नाही. काळजी असते ती ते थंड ठेवण्याची.

त्यात वातानुकूलन यंत्राची भर पडते. गाडीतील उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे, जाळीला लागूनच बसवलेला असतो. जाळी झाकली की प्रथम त्याचाच श्वास कोंडतो. वायूचा दाब वाढतो, कॉम्प्रेसरला अधिक जोर लावावा लागतो आणि विजेचा पंखा अधिक वेळ फिरतो. हा सर्व भार अखेर इंजिनावर, म्हणजेच इंधनावर पडतो. एका हाताने वाचवलेले दुसऱ्या हाताने निघून जाते.

याहून गंभीर धोका अतितापाचा. शीतक द्रव प्रेशर कुकरमधील पाण्याप्रमाणे दाबाखाली ठेवलेला असल्याने शंभर अंशांवरही लगेच उकळत नाही. पण या सहनशीलतेलाही सीमा आहे. अण्णा सालईवरील कोंडीत दुपारी अडकलेल्या, जाळी बंद असलेल्या गाडीत ती ओलांडली जाऊ शकते. मग हेड गॅस्केट निकामी होते, प्रसंगी सिलिंडर हेडही वाकते.

जाळी उघडते, मिटते

मग उपाय टाकाऊ का? तसे नाही. तो पुठ्ठ्याने करायचा नसतो, इतकेच. चेन्नईचे मोटारउद्योगाशी असलेले नाते १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सपासूनचे, म्हणजे आजच्या अशोक लेलँडइतके जुने. श्रीपेरुंबुदूरजवळील ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ मध्ये सँट्रो बाहेर पडली. त्याच कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये बाजारात आणलेल्या, चेन्नईत तयार होणाऱ्या विजेवरील क्रेटामध्ये पुढील भागात हलत्या झडपा आहेत. थंडाव्याची गरज नसेल तेव्हा त्या मिटतात आणि हवा बाहेरून वळवतात. तापमान वाढताच त्या स्वतः उघडतात. पुठ्ठा आणि झडप यांतील फरक हाच: पुठ्ठ्याला तापमान कळत नाही, झडपेला कळते.

हिशेब काय सांगतो?

महिन्याला हजार किलोमीटर धावणारी आणि लिटरमागे १५ किलोमीटर देणारी गाडी सुमारे ६७ लिटर पेट्रोल घेते. हा सारा प्रवास महामार्गावरचा मानला आणि दोन टक्के बचत पूर्णपणे पदरात पडली, तरी ती महिन्याला सव्वा ते दीड लिटरच्या आत राहते. लिटरला शंभर रुपये धरल्यास वर्षाकाठी सुमारे सोळाशे रुपये. इंजिन एकदा तापून बिघडले, तर दुरुस्तीचा खर्च अशा कित्येक वर्षांची बचत गिळून टाकतो. शिवाय प्रचलित मोटार विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड सर्वसाधारणपणे समाविष्ट नसतो आणि वाहनात परस्पर केलेल्या बदलामुळे झालेले नुकसान उत्पादकाच्या हमीतही सहसा बसत नाही. कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा हप्ता मात्र ती गॅरेजमध्ये उभी असली तरी चुकत नाही.

याउलट निर्धोक बचतीचे मार्ग साधे आहेत. चाकांत योग्य दाबाची हवा असावी. छतावरील रिकामा कॅरियर उतरवून ठेवावा. एअर फिल्टर स्वच्छ असावा. सिग्नलला अधिक वेळ थांबावे लागल्यास इंजिन बंद करावे. १९७८ पासून कार्यरत असलेल्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग राखण्याचा सल्ला वर्षानुवर्षे दिला आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे ध्यानात घेतले, तर त्यामागील मर्म सहज उमगते. जाळी झाकून जे साधायचे, ते पाय थोडा हलका ठेवूनही साधते, आणि तेही एक पैसा खर्च न करता.

काटकसर म्हणजे केवळ खर्च कापणे नव्हे. कोठे कापू नये, हे ओळखणेही काटकसरच आहे. चेन्नईच्या उन्हात धावणाऱ्या गाडीला मोकळा श्वास घेऊ देणे, हा त्याच शहाणपणाचा भाग होय.