मीटिंग तुमच्याशिवाय चालते का? गटाची बैठक चालवायला असं शिका



गटाने धंदा करायचा म्हटलं की आपण भांडवल, मशीन, पॅकिंग, लायसन्स या सगळ्याचा विचार करतो. मीटिंगचा विचार मात्र कुणी करत नाही. आणि बरेच गट नेमके तिथेच अडकतात.

चित्र ओळखीचं आहे बघा. समजा, नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीत दहा जणींचा बचत गट आहे. बैठकीत एक ताई बोलतात, बाकीच्या मान हलवतात. हिशेब ताईच लिहितात, बँकेत ताईच जातात, ऑर्डरही ताईच घेतात. मे महिन्यात ताई गावाला गेल्या की बैठक नाही, वसुली नाही आणि बँकेचा हप्ता लटकतो. नाव गटाचं, पण सगळा भार एकीच्या डोक्यावर.

यावर उपाय म्हणजे स्वतःहून चालणारी बैठक. ती चालवणाऱ्याला फॅसिलिटेटर किंवा सुलभक म्हणतात. त्याचं काम निर्णय देणं नाही. प्रत्येकाला बोलता येईल आणि बोलण्यातून निर्णय निघेल, अशी सोय करणं हे त्याचं काम.

हे आपल्याकडे नवीन नाही

15 मार्च 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आजचं लिज्जत. तिथे काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण असते, कुणी कुणाची नोकर नाही.

दुसरं उदाहरण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. गावात अभ्यास गटही आहे. तिथे विषय आधी नीट समजून घेतात, चर्चा करतात, पण निर्णय ग्रामसभेतच होतो. याच गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. यातून आपण घ्यायची गोष्ट एकच: समजून घेणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. घाईत दोन्ही एकत्र केलं की ज्याचा आवाज मोठा, त्याचंच चालतं.

बैठक चालवायच्या सहा पायऱ्या

1. वेळ सगळ्यांना विचारून ठरवा. पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जाणारी बाई रात्री नऊच्या बैठकीत पेंगणारच. पाण्याची वेळ, मुलांची शाळा, ड्युटी हे सगळं बघा. एकदा वेळ ठरली की ती पाळा.

2. गोल बसा. खुर्चीवर एक आणि सतरंजीवर नऊ, असं असेल तर बोलणार ती एकच. वही मध्यभागी ठेवा, सगळ्यांना दिसू दे.

3. विषय सदस्यांकडून येऊ द्या. सुरुवातीला विचारा, "आज कुणाला काय बोलायचंय?" जी विषय मांडेल, तिचं नाव विषयापुढे लिहा. तो विषय तीच चालवेल. एका विषयाला 15 मिनिटं.

4. फेरी घ्या. एक वस्तू ठरवा, लाटणं चालेल. ज्याच्या हातात लाटणं तोच बोलणार, एक मिनिट, मध्ये कुणी बोलायचं नाही. कुणाला नसेल बोलायचं तर लाटणं पुढे द्यावं. फेरी संपली की गप्प राहिलेल्यांकडे एकदा परत या.

5. "मान्य आहे ना?" विचारू नका. त्यावर सगळ्या "हो" म्हणतात आणि खरं काय ते घरी जाताना जिन्यात बोलतात. "यात कुणाला काय अडचण दिसते?" असं विचारा आणि मनात दहा आकडे मोजा. शांततेला घाबरू नका. अडचण आली की पुढचा प्रश्न: "काय बदललं तर तुम्हाला जमेल?"

6. काय, कोण, कधीपर्यंत. निर्णय या तीन रकान्यांत लिहा. शेवटी प्रत्येकीने आपलं काम स्वतःच्या तोंडाने सांगायचं. पुढची बैठक कोण चालवणार तेही तिथेच ठरवा आणि दर वेळी माणूस बदला.

एक अडचण, 18 किलोचा फरक

आता आपल्या त्या दहा जणींच्या गटाला दिवाळीसाठी 60 किलो चकलीची ऑर्डर आली असं धरा. मुदत चार दिवस. एकीने दिवसाला दीड किलो केली तर दहा जणींचे चार दिवसांत बरोबर 60 किलो होतात. ताई म्हणतात, "घेऊया!" सगळ्या म्हणतात, "हो."

आता अडचण विचारा. दोघींना कामावरून सुट्टी नाही. तिसरीच्या घरी आजारपण. राहिल्या सात जणी, म्हणजे 42 किलो. 18 किलो कमी! हे आज कळलं तर गिऱ्हाईकाला 40 किलोचा शब्द देता येतो किंवा दोन दिवस जास्त मागता येतात. दिवाळीच्या आदल्या दिवशी कळलं तर पैसेही जातात आणि नावही जातं. गप्प बसलेल्या बाईकडे तुमच्या धंद्याची माहिती असते, ती अशी.

कुठे मोकळीक नको?

बैठक स्वतःहून चालते म्हणजे नियम नाहीत असं नाही. बचत गटाची पंचसूत्री ठरलेलीच आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. यावर दर वेळी नव्याने चर्चा नको. पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, आकडा मोठ्याने वाचायचा आणि लगेच वहीत लिहायचा.

शिकायचं कसं?

पहिल्या दोन बैठका तुम्ही चालवा. तिसरी दुसऱ्या कुणाला द्या आणि तुम्ही गोलात बसा. तुम्हाला उत्तर माहीत असेल तरी आपली पाळी येईपर्यंत थांबा. हे सगळ्यात अवघड आहे, मी आधीच सांगतो! नवीन माणूस चुकेल, विषय भरकटेल, वेळ जाईल. चालेल. बैठक संपल्यावर पाच मिनिटं फक्त एवढंच विचारा: आज काय जमलं, पुढच्या वेळी काय बदलू?

तीन महिन्यांनी परीक्षा घ्या. एका बैठकीला मुद्दाम जाऊ नका. दुसऱ्या दिवशी वही बघा. बचत जमा आहे, निर्णय लिहिलेत, कामापुढे नावं आहेत? मग तुम्ही शिकलात. वही कोरी असेल तर पुढच्या बैठकीत लाटणं दुसऱ्याच्या हातात द्या आणि परत सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत या आठवड्याची बैठक गोल बसून घ्या!