खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : नाव आणि घडण

‘अ‍ॅक्वेरियम’ या शब्दास मराठीत ‘मत्स्यालय’ हा पर्याय रूढ आहे. १९५१ साली मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नावात तोच आढळतो. शब्द सुटसुटीत असून ‘ग्रंथालय’, ‘वस्तुसंग्रहालय’ या मालिकेत सहज बसतो. तथापि या मालिकेमुळेच त्यात एक दिशाभूल शिरली आहे. ग्रंथ आणून मांडले की ग्रंथालय उभे राहते. त्याच न्यायाने मासे आणून सोडले की मत्स्यालय झाले, असा बोध नवशिक्यास होतो. मूळ लॅटिन शब्दाचा भर माशांवर नाही, पाण्यावर आहे. गुरांना पाणी पाजण्याची जागा हा त्याचा जुना अर्थ. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली आपल्या ग्रंथाला हेच नाव देऊन ते आजच्या अर्थाने लोकप्रिय केले आणि त्यापूर्वीचा ‘व्हिव्हेरियम’ हा शब्द मागे पडला. खाऱ्या पाण्याची टाकी प्रथमच मांडणाऱ्याने हा पाण्यावरचा भर ध्यानी ठेवावा, कारण प्रारंभीचे बहुतेक सर्व कार्य पाणी सिद्ध करण्याचेच असते.

प्रथम क्षारांचा विचार करू. एक किलोग्रॅम समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सोडियम व क्लोराइड यांचा वाटा सुमारे ८५ टक्के असून उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी येतात. यास्तव स्वयंपाकाचे मीठ पाण्यात विरघळवून समुद्र तयार होत नाही. या कामासाठी मिळणारे क्षारमिश्रण शुद्ध केलेल्या पाण्यात, टाकीबाहेर, निदान एक दिवस ढवळत ठेवून विरघळवावे. हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. टाकी दीडशे ते दोनशे लिटरांची असल्यास बरे. लहान टाकी स्वस्त पडते हे खरे. परंतु थोड्या पाण्यात थोडासा बिघाडही तीव्र होतो.

येथे एक साधी गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. पाणी आटते, क्षार आटत नाहीत. शंभर लिटरांतून पाच लिटर पाण्याची वाफ झाली, तर क्षारता ३५वरून जवळजवळ ३७वर जाते. ही तूट गोड्या पाण्यानेच भरावी. ती खाऱ्या पाण्याने भरल्यास प्रत्येक खेपेस क्षारांची भर पडत राहील.

यानंतरचा भाग डोळ्यांना दिसत नाही, पण मत्स्यालयाचे जीवन त्यावरच अवलंबून असते. मासे आपल्या श्वासेंद्रियांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजूनही तो निर्माण होतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो व त्यांपैकी विद्युत्भाररहित रूप अधिक विषारी होय. २५ अंश तापमानास पीएच ७ असता या रूपाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते. पीएच ८ असता ते चार-पाच टक्क्यांवर जाते. समुद्रजलाचा पीएच ८च्या वर असल्याने, गोड्या पाण्यात निभावून जाणारे अमोनियाचे प्रमाण खाऱ्या पाण्यात प्राणघातक ठरू शकते.

या विषाचे निवारण सूक्ष्मजीव करतात. एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट तुलनेने सौम्य असते. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही क्रिया करणारे जिवाणू वेगळे करून दाखविले. अमोनियाचे नायट्राइट करणारा आणखी एक सूक्ष्मजीव, जो जिवाणू नसून आर्किया या निराळ्या गटातला आहे, २००५ साली सिअ‍ॅटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातील टाकीतूनच प्रथम वेगळा करण्यात आला, ही गोष्ट प्रस्तुत संदर्भात लक्षणीय आहे.

हे जीव सच्छिद्र दगड, वाळू व गाळणी यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात आणि त्यांची वाढ मंद असते. म्हणून टाकीत खडक व वाळू मांडून, पाणी खेळते ठेवून, मासा नसतानाच थोडे अमोनियम क्लोराइड घालावे व चाचणीद्रवांनी नियमित तपासणी करावी. प्रथम अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरते. लिटरामागे दोन मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट ही दोन्ही शून्यावर आली, म्हणजे टाकी सिद्ध झाली. यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. बाहेरून पाहणाऱ्यास हा काळ रिकामा वाटतो. वस्तुतः याच काळात मत्स्यालय घडत असते. त्यानंतर काही पाणी बदलून साचलेले नायट्रेट कमी करावे व एक-दोन लहान मासेच सोडावेत. पुढील भर काही आठवड्यांच्या अंतराने घालावी, कारण सूक्ष्मजीवांची संख्या अन्नाच्या प्रमाणातच वाढते.

मासा कोणता, हा प्रश्न शेवटी येतो. पण तो गौण नाही. गॉस यांच्या ग्रंथांनी इंग्लंडमध्ये छंदाची लाट उसळली आणि संग्राहकांनी किनाऱ्यावरील खडकांतली डबकी ओरबाडून काढली. आपल्या पित्यास याचे पुढे किती दुःख झाले, हे एडमंड गॉस यांनी १९०७ साली लिहून ठेवले आहे. भारतात २००१ साली समुद्रघोडे व खडक रचणारी प्रवाळे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. ती समुद्रातून आणणे हा अपराध आहे. नवशिक्याने कृत्रिम वा कोरडा खडक आणि पैदास केंद्रात वाढलेले विदूषकमासे निवडावेत. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. शिवाय असे मासे टाकीतील जीवनास आधीच सरावलेले असतात.

‘मत्स्यालय’ हा शब्द आता बदलण्याचे कारण नाही. रूढी व्युत्पत्तीहून बलवत्तर असते. मात्र त्यातील ‘मत्स्य’ हे पद नावात पहिले असले, तरी कृतीत ते अखेरचे आहे. हा क्रम उलटला, तर त्याचे मोल माशाला आपल्या प्राणांनी द्यावे लागते.