उजेडाने पकडलेला अणू

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांना उन्हाचा ताप काय असतो, ते सांगायला नको. उजेड पडला की वस्तू तापते, हा आपला रोजचा अनुभव. त्याच उजेडाने वस्तू बर्फाहून कितीतरी थंड करता येते, असे कोणी म्हटले तर आपण हसू. पण ही गोष्ट खरी आहे. पुण्यात पाषाण भागात ‘आयसर’ ही २००६ साली स्थापन झालेली विज्ञान संस्था आहे. तिथे प्रा. उमाकांत रापोल आणि त्यांचे विद्यार्थी रुबिडियम धातूचे अणू लेझरच्या उजेडाने थंड करून त्यांचा अभ्यास करतात. हे कसे घडते, ते घरातल्या मुलांना समजावून सांगता यावे म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

ताप म्हणजे अणूंची धावपळ. ती कमी झाली की थंडी. साध्या तापमानाला रुबिडियमच्या वाफेतला अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर धावतो. गाडी या वेगाने सुटली तर नागपूरहून मुंबई तासाभरात येईल! असा अणू बघायचा कसा? त्याच्यावर विद्युतभारही नसतो, म्हणून विजेच्या ओढीने तो सहजी धरता येत नाही.

गाडीचा भोंगा

उजेडाचा कण आदळला की अणूला किंचित धक्का बसतो. समोरून बसलेल्या एका धक्क्याने रुबिडियमच्या अणूचा वेग सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटरने घटतो. म्हणजे त्याला थांबवायला सुमारे ५० हजार धक्के हवेत. लेझर हे काम सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकतो.

पण धक्का समोरूनच बसावा, पाठीमागून नाही, हे कसे साधायचे? अजनीला रुळांजवळ राहणाऱ्यांनी याचे उत्तर कानांनी ऐकले आहे. गाडी जवळ येताना तिचा भोंगा चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. उजेडाच्या रंगाचेही तसेच. अणू ठरावीक रंगाचाच उजेड घेतो. लेझरचा रंग त्याहून किंचित उतरता ठेवतात. अणू ज्या लेझरकडे धावतो, त्याचा रंग त्याला चढलेला, म्हणजे नेमका हवा तसा भासतो. पाठीमागचा उजेड आणखी उतरलेला भासतो, तो अणू फारसा घेत नाही. म्हणून धक्का समोरूनच बसतो.

असे लेझर सहा बाजूंनी सोडतात. शेजारी तारेची दोन वेटोळी असतात, त्यांत वीज उलटसुलट दिशेने फिरते. त्यामुळे मधोमध चुंबकीय क्षेत्र शून्य राहते आणि बाजूंना वाढत जाते. अणू मध्यापासून सरकला की त्याला परत मध्याकडे ढकलणारा उजेड जास्त लागू पडतो. वाटीतली गोटी तळाशी यावी, तसा तो परत येतो.

अर्धी पायरी नाही

एकट्या अणूवर आपण कधी प्रयोग करत नाही, असे थोर शास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९५२ साली लिहिले होते. १९९४ साली अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत हू आणि किंबल यांनी अशाच सापळ्यात सीझियमचा एकटा अणू पाहिला. एक अणू आला की उजेड एक पायरी चढतो, दुसरा आला की आणखी एक. अर्धी पायरी कधीच नाही! १९९७ साली अणू थंड करून पकडण्याच्या शोधाबद्दल चू, कोहेन-तानुजी आणि फिलिप्स यांना नोबेल मिळाले.

आज या विद्येवर अतिशय अचूक घड्याळे चालतात, नव्या तऱ्हेचे क्वांटम संगणक घडत आहेत. केंद्र सरकारने २०२३ साली सुमारे ६००० कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. हा पैसा आपल्याही घामाचा आहे. तेव्हा त्या प्रयोगशाळांत आपलीही मुले-मुली दिसली पाहिजेत. बारावी विज्ञाननंतर प्रवेश परीक्षा देऊन ‘आयसर’मध्ये शिकता येते.

मायबापांनो, भोंग्याचा सूर का उतरतो, असे पोरीने विचारले तर तिला गप्प बसवू नका. अणूच्या सापळ्याची वाट त्याच प्रश्नातून जाते.