३९० व्होल्टची गंगाजळी

संगणकाच्या एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, पत्र्याचा डबा उघडला की दोन वस्तू आधी नजरेत भरतात: जाड तांब्याच्या तारेचे वेढे घेतलेली कडी, म्हणजे चोक, आणि शेजारी अंगठ्याहून जाडजूड कपॅसिटर. त्यावर बहुधा ४५० व्होल्ट छापलेले असते. घरातली वीज २३० व्होल्टची, तिच्या लहरीचा माथा ३२५ व्होल्टचा. मग ४५० कशाला?

जुन्या धाटणीच्या डब्यात रेक्टिफायरला थेट कपॅसिटर जोडलेला असे. लहर माथ्यावर आली की तेवढ्यापुरता तो भसाभस करंट ओढायचा आणि एरवी गप्प बसायचा. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामी येणारा वाटा, ०.६५च्या आसपास राही. ३०० वॅटला १.३ अँपिअर पुरायला हवेत, तिथे वायरिंगमधून २ अँपिअर वाहत. शिवाय तीन फेजवर असे शेकडो संगणक असले की त्यांचे तिसरे हार्मोनिक, म्हणजे मूळ लहरीच्या तिप्पट वेगाची उपलहर, न्यूट्रलमध्ये साचत जाते आणि न्यूट्रलची तार फेजच्या तारेहूनही तापू शकते.

चोक आला तो यावर तोड म्हणून. मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला लाखभर वेळा उघडझाप करतो; दर खेपेला चोक थोडी ऊर्जा साठवतो आणि लाइनच्या दाबावर आपली भर घालून कपॅसिटरमध्ये रिचवतो. म्हणूनच तिथे ३९० व्होल्ट चढतात. कंट्रोलर चिप लाइनची लहर पाहते आणि करंटला त्याच आकारात चालवते. पॉवर फॅक्टर ०.९९पर्यंत जातो.

खरी कसोटी पुढे आहे. करंट साइन लहरीसारखा झाला, तरी शक्ती सेकंदाला १०० हेलकाव्यांनी येते. संगणकाला मात्र ती अखंड हवी. मधली तफावत कपॅसिटर सोसतो. ३०० वॅटच्या भाराला २२० मायक्रोफॅरडवर सुमारे ११ व्होल्टचा चढउतार दिसतो. तो पुसायचा मोह चिपने आवरायचा असतो, कारण प्रत्येक हेलकाव्याला ती धावली तर करंटचा आकार पुन्हा बिघडेल. म्हणून करंटवर तिची नजर क्षणाक्षणाची, पण व्होल्टेजचा लूप मुद्दाम संथ, १०-२० हर्ट्झचा. या यंत्रातली सर्वांत देखणी कल्पना मला तरी हीच वाटते.

मग १२ व्होल्ट स्थिर कोण ठेवतो? ट्रान्सफॉर्मर असलेला दुसरा टप्पा. आउटपुट जरा ढळले की ऑप्टोकपलरमधून प्रकाशाच्या वाटेने निरोप येतो आणि तो टप्पा चटकन सावरतो. वीज २० मिलिसेकंद गेली, तरी कपॅसिटरमधल्या गंगाजळीवर निभावते.

ही गंगाजळी प्लग काढल्यावरही काही काळ शिल्लक असते. म्हणून जाणता कारागीर डब्यात बोट घालण्याआधी मीटर लावतो आणि उरलेले व्होल्ट बल्बमधून उतरवतो.