रबर जरा बाजूला ठेवा

मूल चित्र काढायला बसले की आपण मोठी माणसे मागून सूचना करू लागतो. "नीट काढ, रेघ बाहेर गेली, खोड ती." आम्हीही तेच करत आलो. त्यातली चूक आम्हाला आमच्याच घरात कळली.

आमच्या थोरलीने तांदूळ निवडणाऱ्या आजीचे चित्र काढले होते. जुन्या वर्तमानपत्रावर, कोळशाने, पाच मिनिटांत. बोटे काढली नव्हती, चेहरा म्हणजे दोन रेघा. पण सुपावर झुकलेली ती मान पाहून शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, ही तर तुझी आजीच!" आम्हाला हाव सुटली. स्पर्धेसाठी हेच चांगल्या कागदावर उतरव, असा आग्रह धरला. पोरीने पट्टी घेतली, एकेक बोट रेखले, लुगड्याचा काठ रेखला, चार वेळा खोडले. आजीची बाहुली झाली. पुढे पंधरा दिवस तिने कोळशाला हात लावला नाही.

रेम्ब्रांट या डच चित्रकाराचे १६५६ च्या सुमाराचे एक रेखाचित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मूल चालायला शिकते आहे. दोघी बायांनी त्याला दोन बाजूंनी धरले आहे, बाप समोर उकिडवा बसून हात पसरतो आहे, मागून दूधवाली बादली घेऊन चालली आहे. टाक आणि तपकिरी शाई, म्हणजे खोडायची सोयच नाही. रेघा मोजक्या, तरी बादली जड आहे हे दूधवालीच्या तोलावरून कळते. १६५६ सालीच रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले आणि घरातल्या सामानाची यादी झाली. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी या चित्राला सर्वांत थोर रेखाचित्र मानले आहे.

यावरून कोणी म्हणेल, मारा कसेही फराटे. तसे नाही. अंगाचा भार कुठे पडतो ते रेम्ब्रांटने आधी पाहिलेले आहे.

घरी करून पाहण्याजोगे सांगतो. लिहिताना धरतो तशी पेन्सिल टोकाशी आवळली की फक्त बोटे हलतात. ती मागून, सैल धरावी, कागद मोठा घ्यावा, हात खांद्यापासून फिरू द्यावा. आधी पाठीचा कल, डोळे-गुंड्या शेवटी. चुकलेली रेघ राहू द्यावी, बरोबर रेघ तिच्या शेजारी काढावी. रंगवताना जाड ब्रश आधी. ओला रंग पुन्हा पुन्हा घासला की त्याचा चिखल होतो. आणि "अजून थोडेसेच राहिले" असे वाटले की हात थांबवावा. सर्वांत अवघड तेच. (एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या भूमितीला पट्टी-कंपास लागतोच, तो शिकावाच.)

गेल्या रविवारी थोरली पुन्हा कोळसा घेऊन बसली. आजी चटईवर झोपली होती. आम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आलोच नाही.